पायथॉनमध्ये फाइल वाचताना आणि लिहिताना येणाऱ्या चुका कशा शोधाव्यात

पायथॉन शिकायला सुरुवात केलेल्या माणसाची पहिली मोठी अडवणूक बहुधा फाइलपाशी होते. तोवर व्हेरिएबल, लिस्ट, लूप आणि फंक्शन हे सगळे प्रोग्रामच्या आतल्या आत चाललेले असते आणि चूक झालीच तर ती आपण लिहिलेल्या ओळींतच सापडते. फाइल उघडायची म्हटले की मात्र प्रोग्रामचा संबंध फोल्डरशी, परवानग्यांशी, एन्कोडिंगशी आणि तीच फाइल उघडून बसलेल्या दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरशी येतो, आणि कोडमध्ये वरवर पाहता काहीही चुकलेले नसताना तो अडतो. अशा वेळी अंदाजाने ओळी बदलत बसण्याऐवजी चार गोष्टी संगणकालाच विचारून घ्याव्यात: प्रोग्राम कोणत्या फोल्डरमधून चालला आहे, तो नेमकी कोणती फाइल उघडू पाहतो आहे, ती कोणत्या मोडमध्ये, म्हणजे वाचण्यासाठी की लिहिण्यासाठी, उघडतो आहे आणि कोणत्या एन्कोडिंगने वाचतो आहे. लाल अक्षरांत संदेश देऊन थांबणाऱ्या चुका त्यातल्या त्यात बऱ्या असतात. काहीही न बोलता मजकूर बिघडवणाऱ्या चुकांची मला अधिक काळजी वाटते, म्हणून त्यांच्यासाठी पुढे जास्त जागा दिली आहे.

उदाहरणासाठी एक साधी फाइल डोळ्यांसमोर ठेवू. एका महिला बचत गटाच्या मासिक वर्गणीची नोंद ‘वर्गणी’ नावाच्या सीएसव्ही फाइलमध्ये आहे आणि तिच्या प्रत्येक ओळीत सभासदाचे नाव, गाव आणि रक्कम अशी तीन पदे स्वल्पविरामाने वेगळी केलेली आहेत. ही फाइल वाचायची, एकूण बेरीज करायची आणि नव्या महिन्याच्या नोंदी तिच्यात घालायच्या, एवढेच काम आहे. या लेखात आज्ञांची आणि चुकांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोड लिहिताना ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावीत.

संदेश खालून वर वाचावा

प्रोग्राम अडला की पडद्यावर येणाऱ्या मजकुराला ट्रेसबॅक म्हणतात. त्याची सर्वांत खालची ओळ सर्वांत महत्त्वाची असते, कारण तिच्यात आधी चुकीच्या प्रकाराचे नाव, मग अपूर्णविराम आणि त्यापुढे कारण दिलेले असते. तिच्या वरच्या ओळींत कोणत्या कोड-फाइलच्या कितव्या ओळीवर प्रोग्राम थांबला ते कळते. नवशिके पुष्कळदा वरून वाचायला लागतात, दोन ओळींतच कंटाळतात आणि खिडकी बंद करून टाकतात. ट्रेसबॅक लांबलचक असेल तर आपण स्वतः लिहिलेल्या कोड-फाइलचे नाव जिथे शेवटचे आले आहे ती ओळ शोधावी, कारण बाकीच्या बऱ्याच ओळी पायथॉनच्या स्वतःच्या मॉड्यूलमधल्या असतात.

फाइलच्या बहुतेक चुका ‘ओएसएरर’ या एकाच कुळातल्या असतात. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या उत्तरांत ‘आयओएरर’ हे नाव दिसते. २०१२ मध्ये आलेल्या पायथॉन ३.३ पासून ते ओएसएररमध्येच विलीन झाले आणि त्याच वेळी फाइल न सापडणे, परवानगी नसणे, फाइल आधीच अस्तित्वात असणे अशा प्रत्येक कारणासाठी स्वतंत्र नाव मिळाले. संदेशात चौकटी कंसात ‘एर्नो’ असे लिहून एक क्रमांकही येतो. त्यातला २ म्हणजे फाइल किंवा फोल्डर सापडत नाही, १३ म्हणजे परवानगी नाही आणि १७ म्हणजे त्या नावाची फाइल आधीच आहे. एवढे तीन क्रमांक लक्षात राहिले तरी पुष्कळ काम भागते.

फाइल समोर दिसते आहे, पण सापडत नाही

‘फाइलनॉटफाउंडएरर’ हा संदेश पाहून शिकणारा हमखास म्हणतो की फाइल तर इथेच आहे. ती असतेही, पण प्रोग्राम तिथे पाहत नसतो. नुसते ‘वर्गणी डॉट सीएसव्ही’ एवढेच नाव दिले तर पायथॉन ते चालू फोल्डरमध्ये शोधतो, आणि चालू फोल्डर म्हणजे कोड-फाइल जिथे ठेवली आहे तो फोल्डर नव्हे. प्रोग्राम जिथून सुरू केला तो फोल्डर. आयडल या पायथॉनसोबतच्या संपादकातून प्रोग्राम चालवला तर हे दोन्ही सहसा एकच असतात, म्हणून काही अडत नाही. तोच कोड व्हीएस कोड या दुसऱ्या संपादकात एखादा मोठा फोल्डर उघडून चालवला की टर्मिनल त्या मोठ्या फोल्डरमध्ये सुरू होते आणि कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज अडतो.

खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. पाथलिब मॉड्यूलमधून ‘पाथ’ आयात करून, फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ या फंक्शनच्या आदल्या ओळीवर ‘पाथ डॉट सीडब्ल्यूडी’चे उत्तर प्रिंट करावे, चालू फोल्डरचा पूर्ण पत्ता समोर येईल. तो अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला तर कारण सापडले. बरोबर निघाला तर त्याच फोल्डरमधल्या सर्व फाइलींची नावे ‘इटरडिर’ वापरून छापावीत, आणि छापताना प्रत्येक नाव ‘रेप्र’ या फंक्शनमधून काढावे. रेप्र नाव अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे दाखवते, त्यामुळे नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही दिसून येते. विंडोज मूळ मांडणीत फाइलींची एक्स्टेन्शन लपवून ठेवते, म्हणून नोटपॅडमध्ये ‘यादी डॉट टीएक्सटी’ असे नाव स्वतः टाइप करून साठवलेली फाइल कधी कधी प्रत्यक्षात ‘यादी डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी’ झालेली असते. एक्सप्लोररच्या खिडकीत ते कळत नाही. रेप्रने छापलेल्या यादीत लगेच कळते. लिनक्सवर लहान आणि मोठी रोमन अक्षरे वेगळी मानली जातात हेही ध्यानात ठेवावे, कारण घरच्या विंडोजवर चालणारा प्रोग्राम सर्व्हरवर टाकल्यावर अडला तर पुष्कळदा नावातले एखादे मोठे अक्षरच त्याला कारण असते.

कायमचा उपाय म्हणजे फाइलचा पत्ता कोड-फाइलच्या ठिकाणावरून तयार करणे. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेले ‘फाइल’ हे व्हेरिएबल पायथॉन स्वतःच भरतो आणि त्यात चालू कोड-फाइलचा पत्ता असतो. तो पाथमध्ये घालून ‘रिझॉल्व्ह’ करावा, त्याचा ‘पेरंट’ म्हणजे बाहेरचा फोल्डर घ्यावा आणि त्यापुढे तिरक्या रेघेने फाइलचे नाव जोडावे. असा पत्ता प्रोग्राम कुठूनही सुरू केला तरी बदलत नाही. ज्युपिटर नोटबुकमध्ये मात्र हे व्हेरिएबल सहसा नसते. तिथे चालू फोल्डर तपासून घेणेच बरे.

पूर्ण पत्ता हाताने लिहिणाऱ्यांना विंडोजवर बॅकस्लॅश नडतो. पायथॉनच्या मजकुरात बॅकस्लॅशनंतर एन आला की त्याचा अर्थ नवी ओळ आणि टी आला की टॅब असा होतो. त्यामुळे ‘न्यू’ किंवा ‘टेबल’ नावाच्या फोल्डरचा पत्ता बॅकस्लॅशने लिहिला की त्यातले पहिले अक्षर नाहीसे होऊन तिथे ओळ तुटते किंवा टॅब येतो, आणि पायथॉन अवैध नावाची तक्रार करतो. ‘यूझर्स’ फोल्डरच्या बाबतीत तर प्रोग्राम सुरूच होत नाही, कारण बॅकस्लॅश आणि मोठा यू यांच्यापुढे पायथॉनला आठ आकडी युनिकोड क्रमांक हवा असतो आणि तो न मिळाल्याने ‘सिन्टॅक्सएरर’ येतो. अवतरणचिन्हाच्या आधी आर हे अक्षर लावावे किंवा सरळ पुढे झुकणारी रेघ वापरावी. विंडोजवरही पायथॉनला ती चालते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. लिहिण्यासाठी फाइल उघडतानाही ‘सापडत नाही’ असा संदेश येतो आणि मग गोंधळ होतो, कारण नसलेली फाइल तयार व्हायला हवी होती. डब्ल्यू, म्हणजे लिहिण्याचा मोड फाइल तयार करतो, फोल्डर तयार करत नाही. पाथच्या ‘एमकेडिर’ पद्धतीने आधी फोल्डर करून घ्यावा.

परवानगी नाकारली जाते तेव्हा

‘पर्मिशनएरर’ आला की पहिला विचार संगणकाच्या सुरक्षेचा येतो, पण विंडोजवर नवशिक्याच्या बाबतीत खरे कारण बहुतेक वेळा साधे असते: तीच सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडी असते. एक्सेल ती स्वतःकडे अडकवून ठेवते आणि पायथॉनला तिच्यात लिहू देत नाही. एक्सेल बंद करून प्रोग्राम पुन्हा चालवावा. तरीही तोच संदेश आला तर आपण फाइलऐवजी फोल्डरचा पत्ता तर देत नाही ना, हे पाहावे. लिनक्स आणि मॅकवर अशा वेळी ‘इझअडिरेक्टरीएरर’ असे स्पष्ट नाव येते, विंडोजवर मात्र फोल्डर उघडायला गेल्यावरही परवानगी नाकारल्याचाच संदेश मिळतो आणि त्यामुळे दिशाभूल होते. प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवण्याची सवय लावून घेऊ नये. सिस्टीमच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची गरज शिकताना पडत नाही, आपला फोल्डर वापरावा.

मराठी मजकूर आणि एन्कोडिंग

इंग्रजी उदाहरणांवरून शिकणाऱ्याला ही अडचण फार उशिरा भेटते. मराठी नावे घेऊन काम करणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी भेटते. फाइलमध्ये अक्षरे नसतात, बाइट असतात, आणि कोणत्या बाइटचा अर्थ कोणते अक्षर हे एन्कोडिंग ठरवते. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते. ‘सातारा’ या शब्दात तीन अक्षरे आणि तीन काने अशी ६ चिन्हे आहेत, म्हणून फाइलमध्ये त्याचे १८ बाइट होतात. ओपनला एन्कोडिंग सांगितले नाही, तर लिनक्स आणि मॅकवर पायथॉन सहसा यूटीएफ-८ धरतो, पण विंडोजवर तो संगणकाच्या प्रादेशिक मांडणीतले जुने एन्कोडिंग धरतो, आणि आपल्याकडच्या बहुसंख्य इंग्रजी मांडणीच्या संगणकांवर ते सीपी-१२५२ असते. त्याला पश्चिम युरोपीय लिपींपलीकडे काही ठाऊक नाही.

पुढे काय होते ते दोन गावांच्या नावांवरून पाहण्यासारखे आहे. यूटीएफ-८ मध्ये साठवलेला ‘पुणे’ हा शब्द सीपी-१२५२ ने वाचायला घेतला की प्रोग्राम थांबतो आणि ‘युनिकोडडिकोडएरर’ येतो. संदेशात म्हटलेले असते की ५ व्या स्थानावरचा हेक्स (म्हणजे सोळाच्या पायाने लिहिलेला) ८१ हा बाइट उलगडता येत नाही. मोजणी शून्यापासून असल्याने ‘प’चे बाइट ०, १, २ या स्थानांवर आणि ऱ्हस्व उकाराचे ३, ४, ५ या स्थानांवर येतात, म्हणजे संदेश बोट ठेवतो आहे ते थेट उकाराच्या शेवटच्या बाइटवर. सीपी-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच हेक्स बाइटांना अक्षरच नेमून दिलेले नाही. ऱ्हस्व उकार ८१ ने संपतो, हलन्ताचे चिन्ह ८डी ने, ‘ए’ ८एफ ने, ‘ऐ’ ९० ने आणि ‘झ’ ९डी ने. मराठीत जोडाक्षर आले की हलन्त आलाच, तेव्हा चार ओळींचा मराठी मजकूर या एन्कोडिंगने वाचताना प्रोग्राम अडल्याशिवाय राहणे जवळजवळ अशक्य.

आता ‘सातारा’ घ्या. त्याच्या १८ बाइटांपैकी एकही त्या पाचांत बसत नाही. म्हणून प्रोग्राम अजिबात अडत नाही. तो १८ बाइटांची १८ लॅटिन अक्षरे आणि चिन्हे करतो, त्यांत वर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए आणि चलनाचे गोल चिन्ह पुन्हा पुन्हा दिसते, आणि आपल्या हाती निरर्थक मजकूर येतो. नाशिक, सातारा आणि मराठी हे शब्द असे गुपचूप बिघडतात. पुणे, मुंबई आणि कोल्हापूर अडवतात. लहानशा चाचणीत नेमकी बिघडणारीच गावे असली, तर प्रोग्राम बरोबर चालतो असा समज होऊन पुढच्या फाइलचाही सत्यानाश होतो: हा बिघडलेला मजकूर यूटीएफ-८ म्हणून पुन्हा साठवला की साताऱ्याचे १८ बाइट ३६ होतात. फाइलचा आकार कारण नसताना दुप्पट झालेला दिसला तर आधी हाच संशय घ्यावा. एवढी एक गोष्ट दिलासा देणारी आहे की असा मजकूर परत मिळवता येतो: तो पुन्हा सीपी-१२५२ मध्ये ‘एन्कोड’ करून मूळ बाइट मिळवावेत आणि ते यूटीएफ-८ ने ‘डिकोड’ करावेत.

उपाय एका वाक्याचा आहे. ओपन लिहिले की तिथेच एन्कोडिंगही लिहावे, वाचताना आणि लिहितानाही, इंग्रजी मजकूर असला तरीही. पायथॉनच्या ३.१५ आवृत्तीपासून सर्वत्र यूटीएफ-८ हेच गृहीत धरायचे असे ठरलेले आहे, पण आपला प्रोग्राम कोणाच्या तरी जुन्या आवृत्तीवर चालणारच, तेव्हा ही सवय सोडू नये.

एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगूनही वाचन अडले तर फाइल वेगळ्या एन्कोडिंगची आहे. अगदी पहिल्याच, म्हणजे शून्याव्या स्थानावर हेक्स एफएफ हा बाइट अडला असे संदेश सांगत असेल, तर ती जवळजवळ नक्कीच यूटीएफ-१६ मध्ये आहे; एक्सेलमधून ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून साठवलेली किंवा विंडोजच्या पॉवरशेल ५.१ या आज्ञांच्या खिडकीत ‘पेक्षा मोठे’ (>) हे चिन्ह वापरून तयार केलेली फाइल अशीच असते. वाचन अडले नाही, पण पहिल्या स्तंभाचे शीर्षक पायथॉनच्या डिक्शनरीत सापडत नाही आणि ‘नाव’ या शीर्षकासाठी ‘कीएरर’ येतो, अशी तक्रार असेल तर ते शीर्षक रेप्रने छापावे. त्याच्या आधी ‘एफईएफएफ’ असा युनिकोड क्रमांक चिकटलेला दिसेल. एक्सेल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवताना फाइलच्या आरंभी ही अदृश्य खूण ठेवते. वाचताना एन्कोडिंगचे नाव ‘यूटीएफ-८-सिग’ असे दिले की खूण आपोआप गाळली जाते. उलट दिशेनेही हेच नाव उपयोगी आहे: आपण तयार केलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडणार असेल तर ती यूटीएफ-८-सिगनेच लिहावी, म्हणजे एक्सेल मराठी नीट दाखवते.

दोन ठिकाणी मात्र पायथॉनमध्ये शोधून काही हाती लागत नाही. एक्सेलमधून साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात किंवा नोटपॅडमधून ‘अँसी’ निवडून साठवलेल्या मराठी मजकुराची साठवतानाच प्रश्नचिन्हे होतात. मूळ बाइट तिथेच संपतात आणि कोणत्याही एन्कोडिंगने परत येत नाहीत. म्हणून सर्वत्र प्रश्नचिन्हे दिसली तर मूळ एक्सेल फाइलकडे जावे. दुसरे ठिकाण म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर. त्यात रोमन अक्षरांचेच बाइट असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो; अशा मजकुराला एन्कोडिंग नव्हे, त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक लागतो.

ओपनमधल्या ‘एरर्स’ला ‘इग्नोर’ देऊन वाचन पुढे रेटण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो सभासदांच्या नावांसाठी तरी स्वीकारू नये. न उलगडणारे बाइट गाळले जातात, प्रोग्राम हसतमुखाने पूर्ण होतो आणि नावांतले उकार आणि हलन्त कुठे गेले ते कोणाला कळत नाही.

लिहिताना होणारे नुकसान

वाचताना चूक झाली तर मूळ फाइल शाबूत राहते. लिहिताना तसे नाही. डब्ल्यू मोडमध्ये ओपन म्हटल्याक्षणी, एक अक्षरही लिहिण्याआधी, असलेली फाइल रिकामी होते. आईच्या बचत गटाची यादी माझ्याकडून एकदा अशीच गेली. वाचताना मी एन्कोडिंग दिले होते, लिहिताना द्यायचे राहिले. फाइल डब्ल्यू मोडमध्ये उघडली, रिकामी झाली, आणि पहिले मराठी नाव लिहायला जाताच ‘युनिकोडएन्कोडएरर’ येऊन प्रोग्राम थांबला. फाइल ० बाइटांची राहिली. आईने वही जपून ठेवली होती म्हणून सगळ्या नोंदी संध्याकाळभर बसून पुन्हा भरता आल्या, पण तिला ते सांगताना जे वाटले ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून महत्त्वाची फाइल मी थेट कधी लिहीत नाही आणि कोणी लिहू नये असे आग्रहाने सांगतो. त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाची तात्पुरती फाइल लिहावी, ती पूर्ण लिहून बंद झाली की ओएस मॉड्यूलमधल्या ‘रिप्लेस’ने मूळ नावावर आणावी. मध्ये काहीही अडले तरी जुनी फाइल जशीच्या तशी राहते. नुसती भर घालायची असेल तर ए मोड वापरावा, तो शेवटी लिहितो. त्या नावाची फाइल आधीपासून असता कामा नये अशी परिस्थिती असेल तर एक्स मोड वापरावा; फाइल असेल तर तो ‘फाइलएक्झिस्ट्सएरर’ देऊन थांबतो. मोड चुकला की ‘अनसपोर्टेडऑपरेशन’ असा संदेश येतो. त्यात ‘नॉट रायटेबल’ म्हटले असेल तर फाइल आर मोडमध्ये, म्हणजे केवळ वाचण्यासाठी उघडलेली आहे. ‘नॉट रीडेबल’ म्हटले असेल तर उलट.

लिहिले आहे पण फाइल रिकामी दिसते, ही तक्रारही वारंवार येते. राइट म्हटले की मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. तो आधी मेमरीतल्या बफरमध्ये साठतो आणि फाइल बंद होताना खाली उतरतो. ‘क्लोज’ लिहिले आहे पण त्यापुढचे कंस राहिले आहेत, अशी चूक डोळ्यांना दिसत नाही आणि पायथॉनही तक्रार करत नाही, कारण कंसाविना ते केवळ फंक्शनचे नाव ठरते. ‘विथ’ वापरून फाइल उघडली की ही काळजीच उरत नाही. त्याच्या खालचा समासाने आत घेतलेला भाग संपला की फाइल आपोआप बंद होते, मध्ये चूक झाली तरीही. फक्त तो भाग कुठे संपतो यावर लक्ष हवे. एखादी ओळ चुकून समासाबाहेर आली आणि तिच्यात राइट असले, तर बंद फाइलवर काम करता येत नाही असे सांगणारा ‘व्हॅल्यूएरर’ येतो.

राइट आपण होऊन नवी ओळ सुरू करत नाही आणि आकडा स्वीकारत नाही. २५० ही संख्या थेट दिली तर ‘टाइपएरर’ येतो. ती आधी मजकुरात बदलावी. सीएसव्ही मॉड्यूलने लिहिलेली फाइल विंडोजवर उघडल्यावर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ दिसत असेल तर ओपनमध्ये ‘न्यूलाइन’ला रिकामे अवतरण द्यायचे राहिले आहे: मॉड्यूल स्वतः ओळीचा शेवट लिहितो, विंडोजसाठी पायथॉन त्यात पुन्हा भर घालतो आणि ओळ दोनदा तुटते. जेसन या मांडणीत साठवलेल्या फाइलमध्ये मराठीऐवजी बॅकस्लॅश, यू आणि चार आकडी क्रमांक दिसले तर घाबरू नये, मजकूर सुखरूप असतो. ‘डंप’ करताना ‘एन्शुअर अंडरस्कोअर अस्की’ला ‘फॉल्स’ दिले आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये उघडली की देवनागरी जशीच्या तशी दिसते.

न बोलता होणाऱ्या चुका

फाइल एकदा ‘रीड’ केली आणि त्याच फाइलवर पुन्हा रीड म्हटले, तर दुसऱ्या वेळी रिकामा मजकूर मिळतो. वाचनाची जागा शेवटी जाऊन थांबलेली असते. ‘सीक’ला शून्य देऊन ती आरंभी आणावी, किंवा अधिक चांगले म्हणजे पहिल्याच वेळी मजकूर व्हेरिएबलमध्ये ठेवावा. नोंद असूनही नाव सापडत नाही अशी स्थिती असेल तर ओळीच्या शेवटी असलेले नव्या ओळीचे चिन्ह तुलनेत आड येत आहे का ते पाहावे. ‘स्ट्रिप’ ते काढून टाकते, आणि इथेही रेप्रने छापले की ते लगेच दिसते.

रकमेच्या स्तंभाबाबत एक सुखद गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: पायथॉन ३ मधले ‘इंट’ देवनागरी अंकही समजते, त्यामुळे ‘२५०’ असे लिहिलेल्या नोंदीची थेट संख्या होते. पण ‘१,२५०’मधला स्वल्पविराम त्याला चालत नाही, आणि रिकामी ओळही चालत नाही, दोन्ही वेळा व्हॅल्यूएरर येतो आणि त्यात अवतरणचिन्हांत नेमका कोणता मजकूर नडला ते दिलेले असते. रकमेत स्वल्पविराम असणार असतील तर ओळ ‘स्प्लिट’ने तोडू नये, कारण रकमेचेच दोन तुकडे होतील. सीएसव्ही मॉड्यूलने वाचावे. आपल्या सरावाच्या कोड-फाइलला मात्र ‘सीएसव्ही डॉट पीवाय’ असे नाव देऊ नये, कारण मग आयात करताना पायथॉनला खऱ्या मॉड्यूलऐवजी आपलीच फाइल आधी सापडते आणि ‘रीडर’ नावाचे काही त्यात नाही असा संदेश येतो.

सगळा कोड ‘ट्राय’मध्ये घालून खाली नुसते ‘एक्सेप्ट’ आणि ‘पास’ लिहिणे, याला मी या साऱ्या विषयातली सर्वांत घातक सवय मानतो. त्याने चूक जात नाही, चुकीचा संदेश तेवढा जातो, आणि वर सांगितलेली प्रत्येक तपासणी अशक्य होते. एक्सेप्टपुढे नेहमी चुकीचे नाव लिहावे आणि ज्या चुकीवर आपल्याकडे खरोखर उपाय आहे तीच पकडावी: फाइल सापडली नाही तर रिकाम्या यादीने सुरुवात करता येते, म्हणून फाइलनॉटफाउंडएरर पकडणे योग्य आहे. एन्कोडिंगच्या चुकीवर प्रोग्रामने स्वतः काही करण्यासारखे नसते, तेव्हा तिला वर येऊ द्यावे.

प्रोग्राम खऱ्या नोंदींवर चालवण्याआधी पाच ओळींची एक चाचणी-फाइल करावी. तिच्या एका ओळीत पुणे असावे आणि एकीत सातारा. एका ओळीतली रक्कम देवनागरी अंकांत आणि एकीतली अवतरणचिन्हांत स्वल्पविरामासह असावी. शेवटची ओळ रिकामी ठेवावी. प्रोग्रामने ही फाइल वाचून दुसऱ्या नावाने लिहावी, ती नवी फाइल पुन्हा वाचावी आणि दोन्ही वाचनांतून मिळालेल्या नोंदी समान आहेत का ते तपासावे. एन्कोडिंग दोन्हीकडे सारखेच चुकले तर तुलना जुळेल आणि चूक लपेल, म्हणून साताऱ्याच्या नावाची लांबीही छापावी: ती ६ आली तर नाव नीट वाचले गेले, १८ आली तर ओपनच्या ओळीकडे परत जावे.